वाचक विचारतात : मक्यावरची लष्करी अळी आणि तबेल्यातल्या म्हशी

प्रश्न : नमस्कार ताई, गोरेगावला आमचा छोटा तबेला आहे, हिरवा चारा सिन्नरहून मोठ्या भावाच्या शेतातून येतो, आफ्रिकन टॉल नावाच्या चाऱ्याच्या जातीचा मका. ह्या वेळी टेम्पो उतरवला तर पानांना भोकंच भोकं, पोंग्यात (मधल्या कोवळ्या पानांच्या गुंडाळीत) लाकडाच्या भुश्यासारखं काहीतरी आणि आत जाड अळ्या. म्हशींना घालू का? भाऊ म्हणतो जालीम औषध मारतो नि मोकळा होतो. काय करावं?
— एक तबेलेवाला, गोरेगाव

उत्तर : दादा, आधी भावाला फोन लावा आणि औषध थांबवा, बाकीचं मग बोलू.

तो भुसा म्हणजे अळीची विष्ठा. एक अळी हातात घेऊन बघा, डोक्यावर उलटा इंग्रजी वाय आणि शेपटीकडे चौकोनात चार काळे ठिपके दिसले तर ती अमेरिकन लष्करी अळीच. मूळची अमेरिकेतली, २०१६ ला आफ्रिकेत सापडली, २०१८ च्या मे महिन्यात कर्नाटकात शिवमोग्याकडे दिसली आणि त्याच वर्षी आपल्या महाराष्ट्रात उसावरसुद्धा. पतंग वाऱ्यावर एका रात्रीत शंभरेक किलोमीटर जातो म्हणतात, त्यामुळे शेजारच्या शेतकऱ्याला शिव्या घालून काही उपयोग नाही.

आता म्हशींचं. अळी काही विषारी नाही, कुट्टीत, म्हणजे बारीक कापलेल्या चाऱ्यात, चार-दोन गेल्या तरी बिघडत नाही. विष्ठेने घाण झालेले, सडके पोंगे तेवढे काढून टाका, आणि मुंबईच्या दमट हवेत कुट्टीचा ढीग रात्रभर लावून ठेवू नका, गरम होऊन बुरशी धरते आणि त्रास त्या बुरशीचा होतो. खरी भीती फवारणीची, कारण चाऱ्यावर मारलेलं औषध थेट जनावराच्या पोटात जातं आणि काही औषधांचा अंश दुधातही उतरतो, नि ते दूध रोज सकाळी कुठल्या घरात जातं ते तुम्हाला मी काय सांगणार! भावाने आधीच काही मारलं असेल तर डब्यावर कापणीआधी किती दिवस थांबायचं ते लिहिलेलं असतं, तेवढे दिवस त्या वावरातला चारा बंद म्हणजे बंद. चाऱ्याच्या पिकासाठी शिफारस लिहिलेली नसेल तर ते मारूच नये.

मका कापणीला आलाच असेल तर फवारायचंच कशाला, कापा आणि कुट्टी करा, नाहीतर मुरघास घाला, म्हणजे हिरवा चारा हवाबंद दाबून मुरवा, तसा दाबला की अळी जगत नाही. कोवळा असेल तर पानावरचे केसाळ अंड्यांचे पुंजके चिरडायचे (एकेका पुंजक्यात शंभर-दोनशे अंडी असतात हो), नऊ भाग वाळू आणि एक भाग चुना मिसळून चिमूट चिमूट पोंग्यात टाकायचं, आणि अळ्या बारीक असतानाच संध्याकाळी निंबोळी अर्क मारायचा. मोठी अळी पोंग्यात खोल बसली की निंबोळीला दाद देत नाही, भावाला हे नीट सांगा. पीक निघालं की खोल नांगरट, कोष मातीत असतात ते उन्हात आणि पक्ष्यांच्या तोंडी जातात. आणि पुढल्या वेळी सगळा चारा मक्यावर नको, थोडं संकरित नेपियर हे चाऱ्याचं गवत लावायला सांगा.

एखादी म्हैस खायची थांबली किंवा दूध एकदम उतरलं तर अळीवर ढकलून बसू नका, परळच्या पशुवैद्यकीय कॉलेजात नाहीतर तुमच्या नेहमीच्या डॉक्टरला दाखवा.