पुस्तक तिला निवडू द्या

मुलगी तिसरीत आहे, वाचनालयात नेलं की पाच मिनिटांत "घरी चल ना" सुरू होतं आणि आणलेली पुस्तकं न उघडता परत जातात, असं तुम्ही लिहिलंय. आमच्या वाचनालयाचा बालविभाग मी बरीच वर्षं सांभाळतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक सांगा, ती पुस्तकं निवडतं कोण? "यात नुसती चित्रंच आहेत", "हे मागच्या वेळी नेलं होतंस की", ही वाक्यं मी देवघेवीच्या टेबलामागून सारखी ऐकते. मूल मग हातातलं पुस्तक निमूट ठेवून देतं. तेच पुस्तक पुन्हा हवं असेल तर खुशाल नेऊ द्या. ते आवडलंय, एवढाच त्याचा अर्थ. भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे जे पाच नियम मांडले, त्यातला दुसराच नियम आहे: प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. आठ वर्षांची मुलगीही वाचकच आहे.

दुसरं म्हणजे कपाटं कशी लावलीत ते तिला कळू द्या. मुलांना हे फार आवडतं. आमच्याकडे एक मुलगा यायचा, त्याला क्रिकेटशिवाय काही सुचत नसे. त्याला पुस्तकाच्या कण्यावरची चिठ्ठी दाखवली: 796.358. म्हटलं, 700 म्हणजे कला आणि खेळ, 796 म्हणजे मैदानी खेळ, आणि पुढच्या आकड्यांत तुझं क्रिकेट. कपाटावरून बोट फिरवत त्याने स्वतः जागा शोधली. मग पक्षी कुठे, म्हणून विचारायला आला. ते 598 ला. बऱ्याच लहान वाचनालयांत विषयांना असे आकडे देणारी ही ड्युई पद्धत नसते, कथा, चरित्र, विज्ञान अशी साधी कपाटं असतात, तरी चालतं. कपाटं बंद असतील तर गर्दी नसताना जा आणि मुलीला आत नेऊन दाखवायची विनंती करा. एकट्या मुलासाठी सहसा कुणी नाही म्हणत नाही.

खातं तिच्याच नावाने काढा. पुस्तक टेबलावर तिने द्यावं, परतीची तारीख तिने वाचावी. चाळलेलं पुस्तक मात्र कपाटात परत खुपसू नये, टेबलावरच ठेवावं. चुकीच्या जागी गेलेलं पुस्तक आम्हाला महिनोन्‌महिने सापडत नाही. पान फाटलं तर घरी सेलोटेप लावू नका, तसंच आणून द्या. टेप पिवळी पडते आणि तिचा डिंक कागद खातो.

घरी आल्यावर "काय शिकलीस?" हा प्रश्न कृपा करून नको. तिला सांगावंसं वाटलं तर ती आपणहून सांगेल.

आणि परीक्षा जवळ आली की बरेच पालक वर्गणी थांबवतात, तसं करू नका. मार्चमध्ये सुटलेलं मूल सुट्टीत परत येईलच असं नसतं, हे मी दरवर्षी बघते.