विक्रांतचं सी हॉक रंगवताना: 'स्काय' म्हणजे आकाशी नव्हे

तुमचा प्रश्न वाचला. सी हॉक या ब्रिटिश बनावटीच्या नौदलाच्या लढाऊ जेटचं १/७२ प्रमाणातलं मॉडेल किट घेतलंय, ते विक्रांत या आपल्या विमानवाहू जहाजावरचं करायचंय. डब्यावर वर गडद राखाडी आणि खाली फिकट हिरवा दाखवलाय. जुने फोटो बघावेत तर पोट कधी निळसर दिसतं, कधी पांढरं, आणि गोव्याच्या संग्रहालयातलं विमान तर तिसऱ्याच छटेचं. शिवाय शेजारी ठेवायला अमेरिकन नौदलाचं पँथर जेट करताय आणि त्याचा निळा फोटोंत काळाच वाटतो. डबा खरं सांगतोय की फोटो?

सी हॉकच्या बाबतीत डबा बरोबर आहे. पण नुसतं तेवढं ऐकून रंग आणायला गेलात तर मी केली तीच चूक कराल. माझ्या पहिल्या सी हॉकच्या वेळी सूचनापत्रावर 'स्काय' असं वाचलं आणि सरळ आकाशी रंगाची बाटली उघडली. विमान छान दिसत होतं, पण एखाद्या शाळेच्या स्नेहसंमेलनातलं वाटत होतं.

'स्काय' हे ब्रिटिशांच्या एका ठरलेल्या रंगाचं नाव आहे, त्यांच्या ३८१सी या मानकातला २१० क्रमांक. दुधात पिस्त्याची पूड ढवळली की जी छटा येते, साधारण ती. बदकाच्या अंड्याचं कवच पाहिलं असेल तर लगेच ओळखाल. यामागे एक भारतीय धागा असलेला किस्सा सांगतात. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर सिडनी कॉटन नावाचा वैमानिक हेरगिरीच्या छायाचित्रणासाठी विमानं तयार करत होता. लंडनजवळच्या हेस्टन विमानतळावर त्याने जोधपूरच्या महाराजांचं खासगी विमान उडताना पाहिलं. ते फिकट हिरवट होतं आणि थोडं वर जाताच दिसेनासं झालं. त्यावरून कॉटनने आपल्या विमानांसाठी 'कॅमोटिंट' नावाचा रंग बनवून घेतला आणि 'स्काय' हा त्याच घराण्यातला. किस्स्याला मीठमसाला किती लागलाय कोण जाणे, पण तो ऐकल्यापासून मी हा रंग कधी चुकवला नाही.

वरचा 'एक्स्ट्रा डार्क सी ग्रे', क्रमांक ६४०. यालाही नुसता राखाडी समजू नका, त्यात निळा आहे. पाटी ओल्या फडक्याने पुसल्यावर वाळेपर्यंत जशी दिसते, तसा. मॉडेलच्या रंगांच्या तयार बाटल्यांपैकी मी मिस्टर हॉबीचा एच ३३३ वापरतो, हंब्रोलचा १२३ सुद्धा चालतो. स्कायसाठी मिस्टर हॉबीचा एच ७४ मला बरा वाटतो. टामियाचा एक्सएफ-२१ माझ्या डोळ्याला जास्तच हिरवा लागतो. तोच घरात असेल तर त्यात पांढरा आणि अगदी थेंबभर पिवळट मातकट मिसळा. एवढ्या छोट्या प्रमाणात गडद राखाडी बाटलीतला जसाच्या तसा मारला तर विमान कोळशाचं होतं, तेव्हा त्यातही आठ-दहा टक्के पांढरा घालायला कचरू नका.

आता पांढऱ्या पोटाचं. ब्रिटिश नौदलाने १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून नव्या विमानांचं पोट पांढरं करायला घेतलं. सिमिटार, सी व्हिक्सन ही त्यातली. आपल्याकडे सी हॉकची जागा घेणारं सी हॅरियर १९८३ च्या डिसेंबरात गोव्यात उतरलं तेही वरून तोच गडद राखाडी आणि खालून पांढरं. त्यामुळे 'भारतीय नौदल, पांढरं पोट' अशी आठवण अनेकांच्या डोक्यात पक्की बसलेली असते, आणि ती हॅरियरची असते. सी हॉक आपल्याकडे ब्रिटिशांच्या जुन्या रंगजोडीत आली, स्कायसकट. निळसर पोटाचा गोंधळ जुन्या रंगीत फिल्मचा आहे. फिल्मवरचे रंग वर्षांगणिक सरकतात आणि स्कायसारखी नाजूक छटा सर्वांत आधी बळी पडते. रंगीत फोटोवरून छटा उचलू नका. कृष्णधवल फोटोवरून मात्र दोन रंगांची सीमारेषा कुठून जाते ते खुशाल घ्या.

गोव्यातलं, बोगमाळोच्या रस्त्यावरचं ते संग्रहालय मी दोनदा पाहिलंय आणि सगळ्यांनी पाहावं असं आहे. पण तिथली विमानं उघड्यावर उभी आहेत. कोकण किनाऱ्यावरचा पाऊस, ऊन आणि खारी हवा सोसायची म्हणजे पुन्हा पुन्हा रंगवणं आलंच, आणि रंगवणाऱ्याच्या हाती १९६१ ची बाटली नसते. तिथे छटा शोधू नका. तिथे जाऊन विमानाच्या मागच्या बाजूला उभे राहा आणि शेपटीखाली धूर बाहेर पडायचं नळकांडं शोधा. ते नाहीच.

माझ्या मते या विमानाची खरी गंमत तिथे आहे, आणि किट जोडताना बहुतेक जण तिथेच घसरतात. १९४० च्या दशकात जेट इंजिनाचा झोत लांब नळीतून शेपटीपर्यंत न्यायचा म्हणजे वाटेत जोर वाया घालवायचा. सी हॉक बनवणाऱ्या हॉकर कंपनीच्या सिडनी कॅमच्या चमूने नळी मध्येच दुभंगली आणि दोन आखूड तोंडं पंखांच्या मुळाशी, मागच्या कडेला, दोन्ही बाजूंना काढली. हवा आत घेणारी तोंडंही पंखांच्या मुळातच, पुढच्या कडेला. म्हणजे सगळा कारभार पंखाच्या रुंदीत आटोपला. शेपटीकडचा पोकळ भाग मोकळा राहिला, तिथे इंधनाची टाकी बसली. इंजिनाच्या पुढे एक टाकी आणि मागे एक, त्यामुळे इंधन जळत गेलं तरी तोल ढळत नाही. मूळ पी.१०४० हे विमान २ सप्टेंबर १९४७ ला उडालं आणि १९५३ मध्ये सी हॉक ब्रिटिश नौदलाच्या ८०६ स्क्वॉड्रनमध्ये दाखल झालं.

रंगवताना याचा अर्थ असा, की धुराड्यांच्या तोंडांभोवतीचा आणि मागचा पत्रा रंगाचा नाही, धातूचा आहे. गरम झोत तिथून घासून जातो, तिथे रंग टिकणार कसा? टाकाच्या निबासारखा तो आकार आहे. तो भाग मास्क करून, म्हणजे आजूबाजूचा भाग टेपने झाकून, जळक्या पोलादाच्या छटेत करा, थोडा निळसर, थोडा तपकिरी, आणि त्यामागे कोरड्या ब्रशने काजळीचा हलका हात. चकचकीत क्रोम लावू नका. किटमध्ये धुराड्याचे दोन तुकडे आत सरळ भिंतीला टेकतात. आत काळा मारला की खोली वाटते, एरवी बाहेरून बंद दरवाजासारखं दिसतं.

शेपटीवर उभा पंख आणि आडवा पंख जिथे मिळतात तिथला निमुळता फुगवटा घासून सपाट करू नका. काही जणांना तो साच्याचा दोष वाटतो. शेपटीची थरथर घालवायला तो मुद्दाम दिलेला आहे. नाकाखाली चार तोफा, २० मिलिमीटरच्या. त्यांच्या तोंडांशी फटी कोरून घ्या, किटमध्ये त्या अर्धवट बुजलेल्या असतात.

पंख दुमडलेले करायचे का, असं विचारलंत. करा! पसरलेल्या पंखांची रुंदी ११.८९ मीटर, दुमडल्यावर ४.०६. तुमच्या प्रमाणात १६५ मिलिमीटरवरून ५६ वर येते, कपाटातली जागा वाचते हे वेगळंच. फक्त कापायच्या आधी चाकांची जागा तपासा. दुमड चाकांच्या बाहेरच्या बाजूला आहे. पंख उभे झाल्यावर त्यांचा खालचा पृष्ठभाग बाहेरून दिसतो, तेव्हा मुख्य दिसणारा रंग स्काय होतो. म्हणून ज्याला स्काय जमला नाही त्याने पंख पसरूनच ठेवावेत.

भारतीय खुणांबद्दल. आपल्या नौदलाचं सी हॉक उडवणारं ३०० स्क्वॉड्रन जुलै १९६० मध्ये वेल्समधल्या ब्रॉडी तळावर उभं राहिलं. १८ मे १९६१ ला लेफ्टनंट राधाकृष्ण ताहिलियानी यांनी विक्रांतवर पहिलं जेट उतरवलं. पुढे तेच नौदलप्रमुख झाले. बोधचिन्ह झेपावणारा पांढरा वाघ. डिकलमध्ये, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील चित्रात, त्याच्याखाली राखाडी झिरपून वाघ मळका दिसतो, म्हणून दोन डिकल एकावर एक लावा किंवा आधी तेवढ्या आकाराचा पांढरा ठिपका मारून घ्या. गोल चिन्हात बाहेर हिरवा, मध्ये पांढरा, आत केशरी. स्वस्त डिकलमध्ये केशरी हमखास लाल होतो, तो फेकून द्या आणि स्वतः रंगवा. १९७१ च्या युद्धात ४ डिसेंबरला कॉक्स बाजारवर (आताच्या बांगलादेशात) हल्ल्याला गेलेलं विमान करायचं असेल तर तोफांच्या तोंडाशी आणि धुराड्यामागे काजळी वाढवा. बाकी ठिकाणी हात आवरा. जहाजावर विमान गोड्या पाण्याने धुतात, मीठ चढू दिलं की पत्रा खातं. गंजलेलं, ओघळलेलं विमान हे आपल्या हौसेचं चित्र आहे, नौदलाचं नाही.

कोणी १९५६ च्या सुएझ कालव्याच्या लढाईतलं ब्रिटिश सी हॉक करत असेल तर तीन पिवळे आणि दोन काळे पट्टे द्यावे लागतात. ते घाईत मारलेले होते, फार नेटके काढू नका.

आता पँथर. ही जोडी तुम्ही नकळत निवडली असेल तर दाद द्यायला हवी, कारण दोघांच्या पोटात एकाच घरचं इंजिन आहे. सी हॉकमध्ये रोल्स-रॉइसचं नीन. पँथरच्या एफ९एफ-२ या आवृत्तीत तेच नीन, प्रॅट अँड व्हिटनीने परवान्यावर बनवलेलं, जे४२ या नावाने. गंमत पुढे आहे. ब्रिटनने १९४६ मध्ये नीन रशियालाही विकायला परवानगी दिली, आणि रशियनांनी त्यावरून बनवलेलं इंजिन आपल्या मिग-१५ लढाऊ विमानात बसवलं. ९ नोव्हेंबर १९५० ला कोरियात लेफ्टनंट कमांडर विल्यम एमेन यांच्या पँथरने मिग-१५ पाडलं, तेव्हा दोन्हीकडे एकाच वाड्यातली भावंडं भांडत होती. पँथर बनवणाऱ्या ग्रमनने मात्र नळी दुभंगली नाही, झोत सरळ मागे शेपटीखालून बाहेर काढला. दोन्ही मॉडेलं मागून शेजारी ठेवलीत की फरक कोणालाही समजावून सांगावा लागणार नाही.

त्याचा निळा म्हणजे 'ग्लॉसी सी ब्लू', अमेरिकन मानकातला १५०४२. तो काळा नाही, पण सावलीत काळाच दिसतो. मिस्टर हॉबीचा एच ५४ जवळचा आहे. काळा मिसळू नका, उलट किंचित पांढरा टाका, आणि वरून चकाकी हवीच. मॅट निळं पँथर म्हणजे युद्धाआधीचंच कसलं तरी विमान वाटतं. पंखांच्या आणि शेपटीच्या पुढच्या कडा उघड्या धातूच्या ठेवा, वेगात तिथला रंग झिजायचा. अमेरिकन चिन्हाच्या पांढऱ्या पट्ट्यांत लाल रेघ हवी, ती जानेवारी १९४७ पासून आली. १९५५ नंतरचं राखाडी-पांढरं पँथर करणार असाल तर सुकाणू आणि पंखांवरचे हलणारे भाग वरूनही पांढरे असतात. ही गोष्ट दहातले नऊ जण विसरतात. पण तुमच्या सी हॉकशेजारी निळंच शोभेल.

एक राहिलं. सी हॉकच्या नाकात शिसं भरा, मासे पकडायच्या गळाचं चालतं, आणि ते दोन्ही अर्धे भाग चिकटवण्याआधी भरा. मी विसरलो होतो. माझं सी हॉक गेली कित्येक वर्षं शेपटीखाली पारदर्शक टेकू घेऊन उभं आहे आणि घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, हे उडायच्या बेतात आहे का?