डावीकडूनही

सांगली,
भाऊबीज

पोरी,

ऋषिकेशच्या फ्रीस्टाइल कयाकिंगच्या स्पर्धेचा फॉर्म भरल्याचं तू सांगितलंस, त्या संध्याकाळी मी मुद्दाम फार बोललो नाही. घरात सगळे खुशीत होते, आणि मला जे सांगायचं होतं ते चहा पिता पिता उरकण्यासारखं नव्हतं. म्हणून हे पत्र. दोनदा वाच, आणि एकदा आईला वाचून दाखव. तिच्या मनात जी भीती आहे तिची अर्धी उत्तरं यात आहेत.

फ्रीस्टाइल कयाकिंगच्या जागतिक स्पर्धेत एक राइड, म्हणजे होलमध्ये, वर येऊन मागे फिरणाऱ्या फेसाळ पाण्यात, छोट्या बोटीनं डाव करून दाखवायची एक पाळी, ४५ सेकंदांची असते. सांगलीच्या माणसाला ४५ हा आकडा वेगळा सांगायला नको. आयर्विन पुलाजवळ पाणी ४५ फुटांवर गेलं की कृष्णेनं धोक्याची पातळी गाठली म्हणायचं आणि सामान माडीवर चढवायला लागायचं. २०१९ ला ते ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा तू शाळेत होतीस. तुमच्या घराच्या भिंतीवर ती पुराची रेघ अजून दिसते. त्यामुळे वाहत्या पाण्याची ताकद काय असते हे मी तुला शिकवणार नाही. या पत्रात मला खरं म्हणजे एकच गोष्ट सांगायची आहे. ती तुझ्या डाव्या बाजूची.

गुण कसे देतात ते नीट समजून घे. एक डाव एकदाच धरतात. तू एका राइडमध्ये पाच लूप, म्हणजे बोटीसकट पुढच्या कोलांट्या, मारलेस तरी गुण एकाच लूपचे, त्यातला जो सगळ्यात चांगला झाला त्याचे. पण कार्टव्हील (बोट टोकांवर चाकासारखी फिरवणं), स्प्लिट व्हील, स्पेस गॉडझिला, ब्लंट या डावांना डावं-उजवं असतं. ते दोन्हीकडून केलेस तर दोन्हीकडचे गुण वेगळे मिळतात. आता तूच मोज. गेल्या वेळी कोलाडला मी काठावर वही घेऊन बसलो होतो. तुझे चार डाव बसले, चारही उजवीकडून. म्हणजे तुझ्या कष्टाचे निम्मे गुण तू पाण्यातच सोडून आलीस.

हे का होतं तेही मला ठाऊक आहे. आपण दोघंही शर्यतीच्या होडीतून आलो. एका अंगाला बसायचं, त्याच अंगानं वल्हं मारायचं, वर्षानुवर्षं. अंगाला तीच सवय लागते. आपल्याकडच्या कुठल्याही तालमीत जा. जो पैलवान एकाच अंगानं डाव टाकतो, त्याला वस्ताद मुद्दाम दुसऱ्या अंगानं खडाखडी करायला लावतो, आठवडे न् आठवडे, तो कितीही वैतागला तरी. मी तुझ्याबाबतीत तेच करणार आहे.

माझी पहिली स्पर्धा तुला कधी सांगितली नाही. मी तेव्हा तिशी ओलांडलेली होती. होलमध्ये उतरलो, उजवीकडून दोन कार्टव्हील अगदी मनासारखी झाली, काठावरून टाळ्या आल्या. मग डावीकडे वळायची वेळ आली आणि मी वळलोच नाही. हात धजेना. पुन्हा उजवीकडून, पुन्हा उजवीकडून, असं उरलेला वेळ मी तेच करत राहिलो, आणि त्यातल्या एकाचाही गुण मिळणार नाही हे मला तेव्हाही माहीत होतं. त्या राइडचं दुःख हरल्याचं नव्हतं. जे येत नाही ते टाळण्यात मी वेळ घालवला, याचं होतं. आज इतक्या वर्षांनीही ते मला बोचतं, आणि तुझ्या वाट्याला ते येऊ नये असं मनापासून वाटतं.

सरावाला आपल्याला सांगलीत होल नाही, ही तुझी तक्रार खरी आहे. पण संथ पाण्यावर जे करता येतं ते तू पुरतं केलेलं नाहीस. बोट टोकावर उभी करून तोल धरणं, संथ पाण्यातलं कार्टव्हील, दोन्ही बाजूंचा रोल (उलटलेली बोट आत बसूनच सरळ करणं), यातल्या कशालाच फेसाची गरज नाही. उलट संथ पाणी जास्त प्रामाणिक. होलमध्ये पाणी तुला अर्धं फिरवून देतं, डोहात सगळं तुझ्या कमरेतून यावं लागतं. पुढचे दोन महिने प्रत्येक गोष्ट आधी डावीकडून दहा वेळा, मगच उजवीकडून. रोलसुद्धा. आणि रोज सकाळी पाण्यात उतरण्याआधी घाटावरच्या नावाड्यांना विचारायचं की मगर कुठे दिसली का. भिलवडी, औदुंबरकडच्या बातम्या तू वाचतेसच. ते ‘आज नको’ म्हणाले की आज नको, त्यावर वाद घालायचा नाही.

आता बंधाऱ्याचं. परवा तू बंधाऱ्याखालच्या फेसाचा फोटो पाठवून विचारलंस, “काका, इथंच होल आहे की, इथं सराव केला तर?” पोरी, तो फोटो बघून माझ्या पोटात गोळा आला. दिसायला तो होलच दिसतो, म्हणून तर माणसं फसतात. खेळायच्या होलला दोन्ही कडांना वाट असते. मधलं पाणी तुला धरतं, पण कडेला सरकलीस की वाहतं पाणी तुला खाली नेऊन सोडतं, आणि खाली शांत डोह असतो. बंधाऱ्याचं तसं नाही. बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातलेले असताना वरून सांडणारं पाणी या काठापासून त्या काठापर्यंत एकसारखं पडतं, सरळ तळाला जातं, थोडं पुढे जाऊन वर येतं आणि वरच्या वर परत भिंतीकडे फिरतं. त्यात अडकलेली वस्तू भिंतीशी जाते, खाली दाबली जाते, वर येते, पुन्हा भिंतीशी जाते. ओंडका दिवसभर तिथंच फिरताना तू पाहिला असशील. कडेला सरकून उपयोग नाही, कारण कडेला काँक्रीट आहे. शिवाय फेसात हवा इतकी मिसळलेली असते की लाइफ जॅकेटसुद्धा नेहमीसारखं उचलत नाही. जगातल्या चांगल्या कयाकरांनीही अशा बंधाऱ्यांखाली जीव गमावले आहेत. पाणी कमी असलं तरी नाही, मी काठावर उभा असलो तरी नाही. या एका बाबतीत मला तुझा शब्द हवा आहे.

खऱ्या होलसाठी कोलाड आहे. कुंडलिकेचं पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्रावरून सुटतं, तेव्हा वेळ साधून जावं लागतं, पण सांगलीहून ते जमण्यासारखं आहे. पावसाळ्यात कधी तरी कोझिकोडजवळचा मलबार रिव्हर फेस्टिव्हलही बघून ये. नुसतं काठावर बसून बघितलंस तरी पुष्कळ शिकशील.

तुझ्या लूपबद्दल. तू घाई करतेस. तोंड प्रवाहाच्या वरच्या अंगाला, बोट फेसावर, इथपर्यंत ठीक. हिरवं पाणी जिथं फेसाखाली शिरतं त्या सांध्यात पुढचं टोक खुपसतेस, तेही बरोबर. पाणी टोक खाली ओढतं, बोट उभी राहते. इथं थांबायचं. सायकलच्या पायडलवर उठून उभं राहतो तसं पायांवर उभं राहायचं, छाती वर, नजर वर. बुडालेल्या टोकातली हवा बोटीला वर फेकणार आहे, तिला फेकू दे. तू मात्र उसळी येण्याआधीच वाकतेस, म्हणून बोट अर्ध्यात आडवी पडते. उसळीच्या माथ्यावर पोचलीस की मग कमरेत मोडायचं, कपाळ डेककडे, आणि पायांनी बोट अंगावरून फिरवून घ्यायची. नीट झालं तर पुन्हा समोर तेच हिरवं पाणी दिसेल. उसळी मनात ‘एक’ म्हणेपर्यंतच टिकते, पण तो ‘एक’ पुरा म्हण.

राइड कागदावर लिहून काढ. माझं मत असं की लूप पहिला, कारण त्याला बाजू नाही आणि तो झाल्यावर बोट बहुतेक जागेवरच राहते. मग डावीकडचे डाव, अंग ताजं असताना. उजवीकडचे त्यानंतर, ते तुला थकल्यावरही येतात. ज्या डावानंतर होलमधून बाहेर फेकलं जायची धास्ती असते तो अगदी शेवटी. फेकली गेलीस तरी घड्याळ चालूच असतं, तेव्हा होलकडे परत जायची वाट आदल्या दिवशीच काठावरून बघून ठेव. फेरीत राइड किती, त्यातल्या धरणार किती, हे स्पर्धेआधीच्या बैठकीत विचारून घे. लाजू नकोस.

खांदा जप. माझा उजवा खांदा निखळला तो कुठल्या मोठ्या धबधब्यात नव्हे, उलटताना सावरायला म्हणून वल्ह्याचा हात डोक्याच्या वर आणि मागे गेला तेव्हा. पाण्यानं वल्हं ओढलं आणि हाड खोबणीतून बाहेर आलं. त्यानंतर कितीतरी दिवस मला स्वतःच्या हातानं शर्ट घालता येत नव्हता. दोन्ही हात कायम डोळ्यांना दिसतील असे समोर ठेवायचे, कोपर खाली. उलटलीस तर उलट. रोल येतो ना तुला? मग सावरायचा नाद सोड आणि रोल कर.

हेल्मेट घट्ट बसतंय का, स्प्रे डेकची (कमरेभोवतीच्या, बोटीचं तोंड झाकणाऱ्या आवरणाची) ओढायची पट्टी बाहेर राहिली आहे का, हे दर वेळी बघायचं. गंगेचं पाणी त्या दिवसांत फार गार असतं, गरम कपड्यांची यादी वेगळी पाठवतो.

रविवारी सकाळी सात वाजता माई घाटावर ये. वडिलांना स्टॉपवॉच लावायला बोलावलं आहे. पहिला रोल डावीकडून. नोज क्लिप आण, मागच्या वेळची माझ्याकडे राहिली आहे ती तुटली.

तुझा,
काका