मुलीला ‘जलाश्व’वर जायचंय, अर्ज कुठे करायचा?

पत्र : मी अमळनेर तालुक्यातला शेतकरी. कापूस, मका करतो. मुलगी दहावीत आहे, गणितात चांगली. एक जहाज मागून उघडतं, आत पाणी घेतं आणि त्यातून सैनिकांच्या होड्या बाहेर पडतात, असा व्हिडिओ तिने पाहिला. तेव्हापासून ‘मला त्याच जहाजावर जायचंय’ एवढंच चाललंय. तिची आजी म्हणते, ‘पोर पानीमा कसी ऱ्हाई?’ ही जहाजं महिनोन्महिने बाहेर असतात म्हणे. मुलींना घेतात का? गावातली पोरं सांगतात, अग्निवीर कर. काय करावं?

उत्तर : नमस्कार भाऊ,

तसं मोठं जहाज आपल्या नौदलाकडे एकच आहे, आयएनएस जलाश्व. मूळचं अमेरिकेचं, १९७१ सालचं. २००७ मध्ये आपण घेतलं. विशाखापट्टणमला असतं. व्हिडिओत दिसतं ते असं घडतं : जहाजाच्या टाक्यांत समुद्राचं पाणी भरतात, मागची बाजू खाली बसते, दार उघडतं आणि आतल्या हौदासारख्या डेकवर पाणी शिरतं. मग आत उभ्या असलेल्या लँडिंग क्राफ्ट तरंगत बाहेर पडतात. किती पाणी घ्यायचं, रणगाडा कुठे उभा करायचा, म्हणजे जहाज एका अंगाला कलणार नाही, हा सगळा हिशोब आहे. मुलगी गणितात चांगली आहे असं तुम्ही लिहिलंत, म्हणून मुद्दाम सांगतोय.

छोटी जहाजं तर थेट वाळूवर तोंड टेकवतात. टेकण्याआधी मागून नांगर टाकून ठेवतात, नंतर तोच ओढून जहाज मागे घ्यायचं. भरती चढत असतानाच किनाऱ्याला लागायचं. ओहोटीत लागलं तर पाणी उतरतं आणि जहाज अडकून बसतं. म्हणून वाळूचा उतार आणि भरतीची वेळ आधी मोजलेली असते. एक गोष्ट मात्र मुलीला स्पष्ट सांगा. होडीतून उतरून किनाऱ्यावर धावणारे जवान बहुतेक वेळा लष्कराचे असतात. अमेरिकेसारखं वेगळं मरीन दल आपल्याकडे नाही, आणि लष्कराच्या पायदळात मुलींना अजून प्रवेश नाही. तिला जहाज चालवायचंय की किनाऱ्यावर धावायचंय, हे तिलाच विचारा. जहाज असेल तर पुढचं वाचा.

‘जलाश्वची भरती’ असं काही नसतं. भरती नौदलाची होते, जहाज नेमणुकीने मिळतं आणि काही वर्षांनी बदलतं. म्हणून आज ठरवायचंय ते जहाज नाही, नौदलात शिरायचं दार.

अधिकारी व्हायचं तर बारावीनंतर दोन दारं आहेत. पहिलं एनडीए, म्हणजे पुण्याजवळ खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. यूपीएससी वर्षातून दोनदा परीक्षा घेते. गणित ३०० गुणांचं, सामान्य क्षमता चाचणी ६०० गुणांची, मग एसएसबीची, म्हणजे सैन्यदलांच्या निवड मंडळाची, मुलाखत. मुलींना घेतात, आणि नुसतं कागदावर नाही : मे २०२५ मध्ये एनडीएतून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, १७ जणी होत्या. दुसरं दार १०+२ बी.टेक. प्रवेशाचं. त्यासाठी फिजिक्स, केमिस्ट्री, गणितात मिळून ७० टक्के, इंग्रजीत ५० टक्के आणि जेईई मेन या इंजिनीअरिंगच्या प्रवेश परीक्षेतली रँक लागते. निवड झाली की केरळातल्या एझिमला इथल्या नौदल अकादमीत चार वर्षं. दोन्ही दारांना अकरावीत गणित हवंच. ‘बायोलॉजी घे, मेडिकलला बरं’ असं सांगणारे नातेवाईक भेटतील. बायोलॉजी खुशाल घ्या, पण गणित सोडून नको.

अग्निवीर वाईट आहे असं मी म्हणणार नाही, नौदलात त्यातही मुली आहेत. पण हिशोब नीट बघा. मुदत चार वर्षं. पहिल्या वर्षी ३०,००० रुपये महिना, त्यातले ३० टक्के निधीत जातात. शेवटी व्याजासह सुमारे ११.७१ लाख हातात येतात आणि जास्तीत जास्त २५ टक्के जणांना पुढे ठेवतात. बाकीच्यांना तिशीच्या आत नवी नोकरी शोधावी लागते. गणितात चांगल्या पोरीला हेच पहिलं दार दाखवायला माझं मन होत नाही. एनडीए, जेईई दोन्ही हुकलं तर बारावीच्या गणित-फिजिक्सवर एसएसआरचा, म्हणजे नौदलातल्या बारावी पास अग्निवीरांच्या भरतीचा, अर्ज करता येतोच.

आता आजीचा प्रश्न, कारण तो खरा आहे. ही जहाजं लांब राहतात ती हौसेने नाही. काही घडल्यावर घरून निघायला उशीर होतो, म्हणून आधीच जवळ असायचं. अमेरिकेने त्यासाठी जपानच्या सासेबो बंदरात असा ताफा कायमचा ठेवलाय. ओकिनावातली सुमारे २,२०० मरीन सैनिकांची तुकडी त्यावर चढते. आपली छोटी लँडिंग जहाजं अंदमानात असतात. तिथल्या ग्रेट निकोबारपासून सुमात्रा दोनशे किलोमीटरच्या आत आहे. आणि प्रत्येक वेळी लढाईच असते असं नाही. कोरोनात मे २०२० मध्ये जलाश्वने मालदीवहून ६९८ भारतीयांना कोचीला आणलं, तर केसरी नावाचं जहाज औषधं आणि धान्य घेऊन पार मादागास्करपर्यंत गेलं. तेव्हा हो, अक्षय्यतृतीयेला, दिवाळीला पोर घरी नसेल, फोनही रोज लागेलच असं नाही. हे आजीला आत्ताच सांगून ठेवा, गोड बोलून लपवू नका.

या वर्षी तीन कामं करा. नाशिकला मुलींसाठी राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था २०२३ पासून सुरू आहे. अकरावी-बारावीसोबत एनडीएची तयारी करून घेतात. अर्ज दहावीत असतानाच करायचा असतो, त्यामुळे जाहिरातीवर लक्ष ठेवा. आणि पोहणं. पाठीला रिकामा डबा बांधून विहिरीत शिकलेलं असेल तर सुरुवात उत्तम, पण पुढचं जळगावच्या तलावात, प्रशिक्षकाकडे. तापीत नको.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे एकदा नेऊन रंगांची तपासणीही करून घ्या. रंग ओळखण्यात दोष निघाला तर जहाज चालवणाऱ्या शाखेचा रस्ता बंद होतो, आणि ते बारावीनंतर कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं. तपासणीत काय निघालं ते कळवा, त्यावरून पुढचं बोलू.