स्टेशन विकलं म्हणजे नक्की काय विकलं? ९६.३ ते १०५.९ ची गोष्ट

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. न्यू जर्सीतल्या एडिसनहून प्रिन्स्टनला रोज गाडीने जाता, न्यूयॉर्कचं शास्त्रीय संगीताचं १०५.९, म्हणजे डब्ल्यूक्यूएक्सआर, लावता. घराजवळ ठीक लागतं, न्यू ब्रन्सविक मागे पडलं की खरखर सुरू होते आणि पुढे मोझार्टच्या अंगावर फिलाडेल्फियाची गाणी येऊन पडतात. ऑफिसातले जुने लोक सांगतात की पूर्वी हे ९६.३ वर होतं, इथपर्यंत स्वच्छ यायचं, मग स्टेशन विकलं गेलं. मालक बदलला तर आवाज का खालावावा, हा तुमचा मुद्दा. शिवाय एएमवरचं देसी स्टेशन अंधार पडला की कुठे जातं, हा जोडप्रश्न.

जुने लोक बरोबर सांगताहेत, पण अर्धवट. आधी सौदा काय होता ते बघू.

डब्ल्यूक्यूएक्सआर १९४४ पासून न्यूयॉर्क टाइम्सच्या मालकीचं होतं. २००९ च्या जुलैत टाइम्सने ते विकायचं जाहीर केलं, आणि घेणारे दोन होते. स्पॅनिश भाषेतल्या स्टेशनांची मोठी कंपनी युनिव्हिजन हिला ९६.३ ही जागा हवी होती. कार्यक्रमांशी, संगीताशी तिला काही घेणंदेणं नव्हतं. सार्वजनिक रेडिओ डब्ल्यूएनवायसीला शास्त्रीय संगीत आणि ते जुनं नाव वाचवायचं होतं, पण ९६.३ परवडण्यासारखं नव्हतं. मग तिघांनी मिळून मेळ बसवला. युनिव्हिजनने टाइम्सला ३.३५ कोटी डॉलर आणि वर स्वतःचं १०५.९ दिलं. ते १०५.९ आणि डब्ल्यूक्यूएक्सआर हे नाव डब्ल्यूएनवायसीने १.१५ कोटी डॉलर मोजून घेतलं. टाइम्सच्या पदरात एकूण साडेचार कोटी पडले.

८ ऑक्टोबर २००९, रात्री आठला अदलाबदल झाली. मी तेव्हा एडिसनशेजारच्या आयझलिनला भाड्याच्या घरात होतो. स्वयंपाकघरात ओट्यावर, कुकरच्या शेजारी, एक स्वस्तातला रेडिओ असायचा. आठ वाजता ९६.३ वर दुसरीच भाषा, दुसरीच लय सुरू झाली. मी काटा उजवीकडे सरकवत १०५.९ वर आणला. लागलं, पण व्हायोलिनच्या मागे पापड तळल्यासारखा आवाज. रेडिओ फ्रिजवर ठेवला, खिडकीत ठेवला, शेवटी स्टिरिओचं बटण बंद करून मोनोवर आणला तेव्हा निवळलं. (ही युक्ती आजही चालते. स्टिरिओला मोनोपेक्षा बराच जास्त जोरदार सिग्नल लागतो.) दोष कोणाचा नव्हता, माझा रेडिओ वीस डॉलरचा आणि घर हद्दीजवळ.

हद्द म्हणजे काय, हा खरा मुद्दा आहे आणि इथे थोडं थांबायला हवं.

न्यूयॉर्कचा एफएम डायल ९२ च्या वर कधी नीट पाहिलात? ९२.३, ९३.१, ९३.९, ९४.७, ९५.५, ९६.३, ९७.१... असं करत १०५.१, १०५.९, १०६.७ आणि १०७.५. दोन स्टेशनांमध्ये दरवेळी बरोबर ०.८ चं अंतर. भिंतीवर ओळीने वीस खुंट्या ठोकल्यासारखं. एकाच शहरात याहून जवळ खुंटी ठोकायला नियम परवानगी देत नाहीत, त्यामुळे एकविसावी खुंटी नाही. ज्याला न्यूयॉर्कमध्ये मोठं स्टेशन हवं त्याने कोणाचा तरी सदरा काढून आपला टांगायचा, दुसरा मार्ग नाही. म्हणूनच इथे 'स्टेशन विकलं' म्हणजे मुख्यतः खुंटी विकली. अँटेना, यंत्रं, नाव, निवेदक ही सगळी मागाहूनची बाब. कायद्याच्या भाषेत तर खुंटीही मालकीची नसते. परवाना एफसीसी ही सरकारी संस्था देते आणि तो दुसऱ्याच्या नावावर करायला तिचीच संमती लागते. पैसे मात्र त्या परवान्याचेच मोजले जातात.

आता सगळ्या खुंट्या सारख्या लांबीच्या नसतात. ९६.३ हा 'बी' वर्गाचा परवाना, १०५.९ हा 'बी-१'. दोन्हींचे अँटेना एम्पायर स्टेट बिल्डिंगवर, जवळपास एकाच उंचीवर. ९६.३ ची ताकद ६,००० वॉट आणि १०५.९ ची ६१० वॉट. एरवी नुसते वॉट बघून दोन स्टेशनांची तुलना करणं फसवं असतं, कारण अँटेना जितका उंच तितके कमी वॉट मिळतात; गावाबाहेरच्या बुटक्या टॉवरवरचं ५० किलोवॉटचं स्टेशन गगनचुंबी इमारतीवरच्या ६ किलोवॉटइतकंच पोचतं. पण इथे उंची सारखीच आहे, तेव्हा दहापटीचा फरक हा खराखुरा फरक आहे. नियमांनुसार पूर्ण क्षमतेच्या 'बी' स्टेशनचं संरक्षित वर्तुळ (अँटेनापासूनची हद्द) साधारण ६५ किलोमीटरचं धरतात, 'बी-१' चं ४५ चं.

एडिसन एम्पायर स्टेटपासून सरळ रेषेत ४४ किलोमीटरच्या आसपास आहे. प्रिन्स्टन ७२.

म्हणजे तुमचं घर १०५.९ च्या वर्तुळाच्या अगदी कुंपणावर आहे आणि ऑफिस दोन्ही वर्तुळांच्या बाहेर. तुमच्या ऑफिसातल्या काकांना सांगा की प्रिन्स्टनमध्ये ९६.३ सुद्धा हक्काचं नव्हतं. यायचं, कारण वर्तुळ संपलं म्हणून लहरी थांबत नाहीत. फक्त त्यापुढे त्यांना संरक्षण नसतं. पुढे शेजारी जोरात असेल तर तो दाबून टाकतो, आणि तक्रार करायची सोय नाही. १०५.९ च्या शेजारी १०६.१ वर फिलाडेल्फियाचं स्टेशन आहे, फक्त ०.२ अंतरावर. फिलाडेल्फियाचे बहुतेक टॉवर शहराच्या रॉक्सबरो भागात आहेत आणि तिथून प्रिन्स्टन ६० किलोमीटर. एकीकडून ७२ किलोमीटरवरून आलेले ६१० वॉट, दुसरीकडून ६० किलोमीटरवरून आलेलं पूर्ण 'बी' वर्गाचं स्टेशन. मोझार्ट हरणारच. खरं तर ९६.३ लाही तिकडून ९६.५ चा असाच शेजार होता, पण दहापट ताकदीमुळे ते जरा लांबपर्यंत तग धरायचं.

एफएमचा स्वभावही असा की दोन स्टेशनं एकत्र घुटमळत नाहीत. जो थोडासा वरचढ, तो पूर्ण आवाज घेतो. हे आपण सगळ्यांनी खंडाळ्यात अनुभवलंय. मुंबईतही मिरची ९८.३ वर आणि पुण्यातही ९८.३ वरच. एक्स्प्रेसवेवर घाट चढताना मुंबईचं निवेदन वळणावळणावर तुटतं, बोगद्यात गप्प होतं आणि वर आल्यावर त्याच आकड्यावर पुणेरी जाहिरात सुरू झालेली असते. मध्ये सह्याद्री उभा आहे म्हणून एकच आकडा दोन्ही शहरांना वापरता येतो. एडिसन ते प्रिन्स्टन रस्ता म्हणजे परातीसारखा सपाट, तिथे आडोसा कुठून आणणार?

शेजारच्या बाजारपेठांचा खेळ याहून मजेदार आहे. मोठ्या शहराच्या कडेला छोट्या गावाच्या नावावर असलेला परवाना हळूहळू शहराकडे सरकवायचा, कारण किंमत वर्तुळात किती माणसं येतात यावर ठरते. तुमच्याच रस्त्यावरचं उदाहरण आहे. ट्रेंटनचं डब्ल्यूपीएसटी वर्षानुवर्षं ९७.५ वर होतं. २००५ मध्ये ते ९४.५ वर गेलं आणि मोकळं झालेलं ९७.५ बर्लिंग्टनच्या नावावर, म्हणजे फिलाडेल्फियाच्या दिशेने सरकलं. आज ते फिलाडेल्फियाचं खेळांचं स्टेशन आहे. ट्रेंटनच्या पोरांना तीच गाणी नव्या आकड्यावर मिळाली. जे मूल्यवान होतं ते फिलाडेल्फियाला गेलं. ऐकणाऱ्याला वाटतं स्टेशन हललं. प्रत्यक्षात स्टेशन बाजूला केलं आणि जागा हलवली.

कार्यक्रम टिकतीलच असंही नाही. न्यूयॉर्कचं ९५.५ डब्ल्यूपीएलजे हे किती जुनं आणि लाडकं, पण २०१९ मध्ये क्युम्युलस या रेडिओ कंपनीने सहा स्टेशनं मिळून १०.३५ कोटी डॉलरला एका ख्रिस्ती संगीताच्या संस्थेला विकली आणि ३१ मेच्या संध्याकाळी सातला ते बंदच झालं. तिथे कोणी १०५.९ घेऊन उभं नव्हतं. त्या मानाने डब्ल्यूक्यूएक्सआर नशिबवान, असं माझं मत. आकड्यावरून कुरकुर करणाऱ्यांशी मी यावरून बऱ्याचदा भांडलोय. जाहिराती गेल्या, हा बोनस. त्याऐवजी देणगी मागण्याचे आठवडे आले, ते सोसायचे.

डब्ल्यूएनवायसीने नंतर भोकं बुजवायचा प्रयत्नही केला. २०१३ मध्ये ऑसिनिंगचं ९०.३ घेऊन उत्तरेकडच्या वेस्टचेस्टरची सोय केली. तुमच्या बाजूला त्याचा उपयोग शून्य.

भारतात हे असं का होत नाही, असं कोणी खाली विचारेलच. तिथे वारंवारता सरकार शहरागणिक ठरवून लिलावात देतं, मालक बदलायला मंत्रालयाची परवानगी लागते, आणि दोन मालकांनी आपापसात आकडे बदलून वर पैसे घेतले असा प्रकार नाही. आकडे बदलतात ते सरकारी फेरआखणीत. मुंबईतलं जुनं गो ९२.५ आठवतंय? तेच पुढे रेडिओ वन झालं आणि ९४.३ वर गेलं. मुंबईचा डायल बघा: ९१.१, ९१.९, ९२.७, ९३.५, ९४.३. इथेही तेच ०.८ चं अंतर. ९२.५ त्या ओळीत बसत नव्हतं.

एएमचं थोडक्यात. दिवसा आकाशातला एक थर या लहरी शोषून घेतो, त्यामुळे स्टेशन जमिनीलगत जाईल तेवढंच जातं. सूर्य मावळला की तो थर विरतो, लहरी वरच्या थरावरून परावर्तित होऊन शेकडो मैल जातात आणि त्याच आकड्यावरच्या लांबच्या स्टेशनांना त्रास देतात. म्हणून छोट्या स्टेशनांना सूर्यास्ताला ताकद कमी करावी लागते, काहींना बंदच. देसी कार्यक्रम लावणाऱ्यांना परवडतात ती बहुतेक अशीच छोटी स्टेशनं. डिसेंबरात साडेचारलाच मावळतं, म्हणजे तुम्ही ऑफिसातून निघायच्या आधीच. आणि भारतातून आणलेला डिजिटल रेडिओ वापरत असाल तर मागे ९ आणि १० चं एक बारीक बटण असतं, ते १० वर करा. आपल्याकडे एएमचे आकडे नऊच्या पाढ्यात असतात (मुंबई ५५८, पुणे ७९२), अमेरिकेत दहाच्या. ९ वर ठेवलात तर इथलं जवळपास काहीच नीट लागणार नाही.

आता तुमच्या गाडीचं. एडिसन ते न्यू ब्रन्सविक १०५.९ ठेवा. पुढे ८९.१ लावा: ट्रेंटनचं डब्ल्यूडब्ल्यूएफएम, मर्सर काउंटी कम्युनिटी कॉलेजचं, अख्खा दिवस शास्त्रीय संगीत. प्रिन्स्टन त्याच्या अंगणातच आहे, तेव्हा तिथे खरखर हा विषय नाही. फिलाडेल्फियाकडे जाणं झालं तर ९०.१. डब्ल्यूक्यूएक्सआरच पाहिजे असा हट्ट असेल तर फोनवर त्यांचं ॲप आहे. मी मात्र दोन्ही आकडे शेजारशेजारच्या बटणांवर लावून ठेवलेत, आणि बदलायची खूण म्हणून न्यू ब्रन्सविकजवळचा रॅरिटन नदीचा पूल धरलाय.