अकाउंट उडवलं, अंगठा मात्र तिथेच जातोय

प्रश्न: दोनदा फेसबुक डिलीट केलं आणि दोन्ही वेळा आठवड्याभरात परत गेलो. ॲप काढलं तरी फोन हातात आला की अंगठा आपोआप त्याच जागी जातो, परवा तर तिथे आलेला कॅल्क्युलेटर उघडून बसलो! कायमचं सुटायचं कसं, आणि मग लोकांची खबरबात कशी कळणार?

उत्तर: हसू नाही आलं हो, माझं हवामानाचं ॲप व्हायचं असं, दिवसातून वीस वेळा पाऊस बघायचो.

आधी एक सांगतो, आठवड्यात परत जाता आलं म्हणजे अकाउंट गेलंच नव्हतं. डिलीट दाबल्यावर ३० दिवसांची मुदत असते, त्यात लॉगिन करून ते रद्द करता येतं. आणि डिॲक्टिव्हेट म्हणजे तर नुसतं दार लोटून घेणं, फेसबुकच्या लॉगिनने दुसऱ्या एखाद्या ॲपात शिरलात तरी ते उघडतं. म्हणून रागाच्या भरात काही करू नका. फोटो-बिटो सगळं डाऊनलोड करा, कुठे कुठे फेसबुकने लॉगिन केलंय ते बघून तिथे ईमेल टाका, आणि मुख्य म्हणजे माणसं बाहेर काढा. माझ्या सहाशे फ्रेंड्समधून नंबर मागावा असे निघाले तेवीस, वाईट वाटलं पण हायसंही वाटलं. त्यांचे वाढदिवस वहीत लिहून घेतले.

वाचायला काय, तर आरएसएस रीडर, म्हणजे आपण निवडलेल्या साईटवरचं नवं लिखाण एका जागी आणून देणारं ॲप. १९९९ची जुनी गोष्ट, २०१३ला गूगल रीडर बंद पडल्यावर ती मेली असं लोकांनी धरून टाकलं, पण बऱ्याच बातम्यांच्या साईट, ब्लॉग अजून त्यासाठी फीड (नव्या मजकुराची यादी) देतात, यूट्यूब चॅनलसुद्धा. आपण निवडलेलंच येतं आणि चौदा लेख झाले की संपतं! पहिल्या दिवशी मला वाटलं नेट गेलं. न संपणारं स्क्रोल २००६ मध्ये काढणाऱ्या एझा रास्किनने पुढे स्वतःच त्याबद्दल जाहीर पश्चात्ताप केलाय, यातच काय ते समजा.

मॅस्टोडॉन या दुसऱ्या सोशल नेटवर्कबद्दल विचाराल म्हणून, आहे चांगलं, पोस्टी वेळेच्या क्रमाने दिसतात, पण तुमची मावसबहीण तिथे भेटायची नाही.

राहिला अंगठा. त्याला वेळ लागतो, माझा दीडेक महिन्याने विसरला. तोवर तो कॅल्क्युलेटर तेवढा तिथून हलवा.