गोव्यातल्या पाणथळ जागांवरचा हवामान बदल फोटोत कसा दाखवावा?

डिसेंबरात आठवडाभर गोव्यात येताय आणि हवामान बदलाने बिघडलेल्या पाणथळ जागा टिपायच्या आहेत, असं तुम्ही विचारलंय. आठवड्यात बिघाड दिसेल, बदल नाही. बदल दाखवायला तीच जागा, तीच लेन्स आणि तीच भरती धरून पुन्हा यावं लागतं.

मी तिसवाडी तालुक्यातला, बहुतेक खाजनांत फिरतो. खाजन म्हणजे बांध घालून खाडीच्या भरतीपासून राखलेली सखल शेती. बांधात मानस असते, म्हणजे पाणी अडवायची-सोडायची झडप. तिची लाकडी दारं भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात, ओहोटीला उघडून आतलं पाणी सोडतात. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला बांधावर उभे राहा. एका बाजूला दारापाशी चढलेलं गढूळ पाणी, दुसऱ्या बाजूला त्याहून खाली असलेलं शेत, आणि फटीतून आत झिरपणारं खारं पाणी. समुद्राची पातळी वाढली तर इथे काय होईल, हे त्या एका फ्रेममध्ये येतं. पक्ष्यांच्या थव्यात ते येत नाही (थवे काढा, पण हौसेसाठी). मुरगावचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक आधी बघा. आत खाडीत भरती थोडी उशिरा येते. फोटोसोबत वेळ नोंदवा.

खाऱ्या पाण्याखाली गेलेलं, खारफुटी माजलेलं खाजन दिसलं की लगेच ‘समुद्राने गिळलं’ असं लिहू नका. कधी फुटलेला बांध कोणी दुरुस्तच केलेला नसतो. कधी मानशीत मासळी धरण्याच्या हक्काचा लिलाव झालेला असतो आणि मासे यावेत म्हणून दारं मुद्दाम उघडी ठेवलेली असतात. शेतकऱ्याला विचारा, खारं पाणी सोसणारा कोरगुट भात लावणं कधी सोडलं तेही तो सांगेल.

चोडण बेटावर रायबंदरहून फेरीबोटीने जा, खारफुटी तिथे मुबलक. कुडचडेचं नंदा तळं २०२२ मध्ये गोव्यातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) ठरलं, पण ते गोड्या पाण्याचं. तुमच्या विषयाला खाजनं जास्त जवळची. मिठागरांत डिसेंबरात मीठ पिकत नाही. अवकाळी पावसाने मीठ विरघळतं ते टिपायचं तर एप्रिल-मेमध्ये या. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं ते याच दिवसांत.

ड्रोन आणणार असाल तर आधी परवानगीचे झोन तपासा, दाबोळीला नौदलाचा तळ आहे. बांधावर पाय जपून ठेवा, खेकड्यांनी आतून पोखरलेला असतो.